काँप्रेस केलेली पोच आणि पेटंटचं परीक्षण: नागपूरहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिनतारी संप्रेषणात रिसीव्हरने परत पाठवायची पोच कमी बिटांत बसवायची, अशा कल्पना घेऊन इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतले विद्यार्थी-प्राध्यापक येतात, तसे बुटीबोरी-हिंगण्याकडचे छोटे उद्योजकही येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. हा कायदेशीर सल्ला नाही. तुमच्या अर्जासाठी तुमचा पेटंट एजंट गाठा.

पोच काँप्रेस करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

बेस स्टेशन मोबाइलला डेटाचे तुकडे पाठवतं. मोबाइल प्रत्येक तुकडा तपासून एक बिट परत पाठवतो. नीट मिळाला तर अ‍ॅक, बिघडला तर नॅक. (कॉलेजवाल्यांनी दचकू नये, हे कॉलेजांचं मूल्यांकन करणारं नॅक नव्हे.) तुकडे एकदोन असतात तोवर कुणाची तक्रार नसते. पण एलटीईच्या, म्हणजे ४जीच्या, टीडीडी प्रकारात (जाणं-येणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने) एका मांडणीत नऊ डाउनलिंक सबफ्रेमची, म्हणजे मोबाइलकडे येणाऱ्या नऊ वेळखंडांची, पोच एकाच अपलिंक, म्हणजे परतीच्या, सबफ्रेममधून द्यावी लागते. त्यात कॅरियर, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, वाढले, प्रत्येकावर एकाच वेळी दोन-दोन कोडवर्ड, म्हणजे डेटाचे तुकडे, आले की बिटांची रांग लागते. सेलच्या, म्हणजे एका बेस स्टेशनच्या हद्दीच्या, कडेला असलेल्या मोबाइलची पाठवण्याची ताकद आधीच संपत आलेली असते. तेवढ्याच ताकदीत जास्त बिट पाठवायचे म्हणजे प्रत्येक बिटाच्या वाट्याला कमी ऊर्जा येते.

कळमन्याच्या आडतीवर आठ पेट्या माल गेला तर तिथला माणूस ‘पहिली पोचली, दुसरी पोचली’ असं आठदा सांगत नाही. ‘पाचवी सोडून सगळ्या आल्या’ म्हणून फोन ठेवतो. काँप्रेस केलेली पोच म्हणजे एवढंच.

आता हिशेब. आठ तुकड्यांना साधेपणाने आठ बिट लागतात. जास्तीत जास्त एकच तुकडा फसेल असं धरलं तर शक्यता नऊच उरतात: एकही फसला नाही, किंवा आठांपैकी कुठला तरी एक फसला. ‘याहून जास्त फसले’ असा दहावा संकेत ठेवला तरी चार बिटांत काम भागतं. तुकडा फसण्याची शक्यता १ टक्का असेल तर हा दहावा संकेत हजारात साधारण तीनदाच लागेल. पण एलटीईत पहिल्या पाठवणीत सुमारे १० टक्के तुकडे फसावेत असंच लक्ष्य धरून लिंक चालवण्याचा प्रघात आहे. तिथे तोच दहावा संकेत जवळपास १९ टक्के वेळा लागेल आणि बचतीतला बराच भाग हातचा जाईल. दोन फसण्यापर्यंत सोय केली तर संकेत होतात ३८, म्हणजे सहा बिट, आणि मर्यादा ओलांडायची वेळ ४ टक्क्यांच्या आत राहते. हे सगळं तुकडे एकमेकांशी संबंध न ठेवता फसतात असं धरून. प्रत्यक्षात फेडिंगमुळे, म्हणजे सिग्नलच्या चढउतारामुळे, चुका घोळक्याने येतात, आणि तिथे हा हिशेब वेगळा होतो.

मग हे हफमन कोडिंगच झालं की. पेटंट कशाचं मागायचं?

अगदी बरोबर शंका आहे, परीक्षकालाही हीच येते. हफमनची पद्धत १९५२ सालची. घडण्याची शक्यता जास्त तिथे लहान संकेत, ही युक्ती तेव्हापासून सर्वांना ठाऊक आहे. ‘पोचीच्या बिटांवर आम्ही एंट्रॉपी कोडिंग, म्हणजे हीच युक्ती, लावलं’ एवढंच तुमच्याकडे असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: अर्ज करू नका, पेपर लिहा.

कस लागतो तो दुसऱ्या टोकाला. बिट कमी करणं सोपं. ते कमी बिट वाचून बेस स्टेशनला तीच गोष्ट कशी कळते, आणि चुकीचं कळलं तर पुढे काय होतं, यात शोध दडलेला असतो. तीन ठिकाणं बघा.

पहिलं, लांबी. संकेताची लांबी बदलती असेल तर बेस स्टेशनला आधी कसं कळणार की चार बिट येताहेत की आठ? सगळ्या लांब्या आंधळेपणाने डीकोड करून बघायच्या तर खर्च वाढतो आणि चुकीचा शब्द खरा वाटण्याची शक्यताही वाढते.

दुसरं, चुकांचं वजन सारखं नसतं. अ‍ॅकचा नॅक झाला तर एक पाठवणी वाया गेली, बस्स. नॅकचा अ‍ॅक झाला तर बेस स्टेशन तो तुकडा विसरून मोकळं होतं, आणि वरच्या थराने तो पुन्हा मागवेपर्यंत वेळ जातो. म्हणून एलटीईच्या आखणीत अ‍ॅक चुकण्याची मुभा शंभरात एक आणि नॅकचा अ‍ॅक होण्याची हजारात एक धरली होती. साध्या आठ बिटांत एक बिट उलटलं तर एकाच तुकड्याबद्दल गैरसमज होतो. काँप्रेस केलेल्या चार बिटांत एक बिट उलटलं तर ‘पाचवा फसला’चं ‘सातवा फसला’ होऊ शकतं. म्हणजे एकाच फटक्यात दोन चुका: फसलेला पाचवा पोचला असं धरलं गेलं, आणि पोचलेला सातवा उगाच परत पाठवला. कुठला संकेत कुठल्या घटनेला द्यायचा, हे या वजनाकडे बघून ठरवलं असेल तर तुमच्या हातात काहीतरी आहे.

तिसरं, मोबाइलला कळलंच नाही की तुकडा येणार होता. डाउनलिंकचा आदेशच हुकला तर मोबाइल सात तुकड्यांची पोच बांधतो आणि बेस स्टेशन आठांची समजून वाचतं. एलटीईत आणि पुढे ५जीत यावर ‘डाउनलिंक असाइनमेंट इंडेक्स’ हा मोजणीचा आकडा आदेशासोबत पाठवतात. तुमची काँप्रेशनची पद्धत या मोजणीशी कशी जुळते, हे बहुतेक मसुद्यांत सापडतच नाही.

कलम ३(के) मध्ये अडकेल का?

पेटंट कायदा, १९७० चं कलम ३(के) गणिती किंवा व्यावसायिक पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना शोध मानत नाही. काँप्रेशनचा अर्ज आला की पहिल्या परीक्षण अहवालात, म्हणजे एफईआरमध्ये, या कलमाचा उल्लेख असणारच असं धरून चला. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अभ्यास न करता उत्तर देणं मात्र महागात पडतं.

यातलं ‘निव्वळ’ हे विशेषण प्रोग्रामला लागतं, गणिती पद्धतीला किंवा अल्गोरिदमला नाही. त्यामुळे ‘आमचा प्रोग्राम हार्डवेअरवर चालतो’ एवढ्या युक्तिवादाने भागत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणाम आणि तांत्रिक योगदान पाहण्यावर भर दिला, आणि नंतरच्या निकालांत तोच धागा पुढे गेला. पेटंट कार्यालयाच्या संगणकाशी निगडित शोधांसाठीच्या मार्गदर्शक सूचना २०१६, २०१७ आणि २०२५ अशा बदलत आल्या आहेत. नवं हार्डवेअर असलंच पाहिजे ही २०१६ ची अट २०१७ मध्ये गेली.

व्यवहारात याचा अर्थ असा की ‘बिट कमी होतात’ हा परिणाम कागदावरचा राहतो. ‘कमी बिटांमुळे अपलिंक कंट्रोल चॅनेलवर दर बिटामागची ऊर्जा वाढते, त्यामुळे सेलच्या कडेला नॅकचा अ‍ॅक होण्याचं प्रमाण घटतं, आणि त्यासाठी मोबाइल अमुक रिसोर्स ब्लॉक (वेळ-फ्रिक्वेन्सीचा ठरावीक तुकडा) निवडतो’ हा परिणाम रेडिओतला आहे. हे वाक्य उत्तरात लिहून उपयोग नाही, ते मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या वर्णनात, असायला हवं. स्पेसिफिकेशनभर फक्त सिग्मा आणि लॉग असतील तर सुनावणीत कितीही रेडिओ-रेडिओ म्हटलं तरी कंट्रोलर, म्हणजे निर्णय देणारा पेटंट अधिकारी, विचारणार: दाखवा, कुठे लिहिलंय?

परीक्षक आधीचं काय काय शोधून काढतो?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच. शोध सुरू होतो तो आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या एच०४एल १/१६ आणि १/१८ या गटांपासून. पुन्हा पाठवणी मागण्याच्या पद्धती तिथे असतात. सोबत रिसोर्स वाटपासाठी एच०४एल ५/०० पाहिला जातो. अर्ज करण्याआधी स्वतः या गटांतून एक फेरी मारा. मोफत डेटाबेस पुरतात, पण संयम लागतो.

नेहमी समोर येणारी मंडळी ही.

एलटीईच्या पहिल्याच आवृत्तीतलं बंडलिंग: अनेक पोचींचा तार्किक ‘आणि’ घेऊन एकच बिट पाठवायचं. सगळे पोचले तरच अ‍ॅक. १० टक्के फसण्याच्या दराने चार तुकड्यांचं बंडल ३४ टक्के वेळा नॅक होतं आणि चारही परत जातात. काँप्रेशन आहेच, फक्त माहिती गमावून. ‘आम्ही पहिल्यांदा पोच एकत्र केली’ असं लिहिलेला क्लेम, म्हणजे हक्क कशावर मागतोय ते सांगणारं वाक्य, इथेच खलास होतो.

एलटीईतलेच फॉरमॅट १बी आणि चॅनेल सिलेक्शन: दोन बिट पाठवायचे, पण कुठल्या रिसोर्सवर पाठवले यातूनही माहिती द्यायची. चारपर्यंत पोचबिट असे जातात. म्हणजे ‘रिसोर्सच्या निवडीत माहिती लपवली’ हेही जुनं.

वाय-फायमधला ब्लॉक अ‍ॅक: ८०२.११ई मधला मूळ बिटमॅप, म्हणजे दर तुकड्याला एक बिट अशी यादी, १२८ बाइटांचा होता, ६४ फ्रेम गुणिले प्रत्येकी १६ तुकडे. ८०२.११एन मध्ये तुकड्यांची सोय काढून तो ८ बाइटांवर आला, आणि त्या प्रकाराचं नावच काँप्रेस्ड ब्लॉक अ‍ॅक आहे. पुढच्या पिढ्यांत बिटमॅप पुन्हा लांबला, ८०२.११एएक्समध्ये २५६ बिटांपर्यंत. मोबाइल नेटवर्कवाले विद्यार्थी हा वाय-फायचा कोपरा हमखास विसरतात. परीक्षक विसरत नाही, कारण पेटंट कायद्यात ज्याच्या नजरेने शोध तोलतात तो जाणकार त्याच्या दृष्टीने दोन्हीकडचा एकच.

इंटरनेटवरच्या टीसीपीचा सिलेक्टिव्ह अ‍ॅक: १९९६ चा आरएफसी क्रमांक २०१८ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज). सलग पट्ट्यांनी काय मिळालं ते सांगायचं. ५जीच्या आरएलसी थरातही, म्हणजे हरवलेला डेटा पुन्हा मागवणाऱ्या वरच्या थरातही, ‘इथपासून इतके हरवले’ असं सांगायची सोय आहे. ‘फसलेल्या तुकड्यांची सलग लांबी पाठवतो’ म्हणणाऱ्यांनी हे दोन्ही आधी वाचावं.

५जीतले कोडबुक, म्हणजे पोचबिटांची रांग कशी लावायची याचे नियम: टाइप-१ची लांबी आधीच ठरलेली, टाइप-२ची प्रत्यक्ष आदेशांवरून ठरणारी. शिवाय एका मोठ्या ब्लॉकचे आठपर्यंत गट करून गटवार पोच देण्याची सोय.

आणि सगळ्यात जास्त जीव घेणारे ते ३जीपीपीच्या, म्हणजे मोबाइलची स्टँडर्ड ठरवणाऱ्या जागतिक संघटनेच्या, रेडिओ गटांच्या बैठकांतले कंपन्यांचे प्रस्ताव. ते बैठकीआधी सर्व्हरवर सर्वांसाठी खुले होतात. स्वीकारला न गेलेला, बैठकीत चर्चेलाही न आलेला प्रस्ताव सुद्धा तुमचं नावीन्य घालवू शकतो. स्टँडर्डचा अंतिम मजकूर वाचून ‘यात नाही’ म्हणणं म्हणजे अर्धाच शोध झाला.

क्लेम कसा लिहिला तर टिकतो? उदाहरण द्या.

आधी न टिकणारा. असे मसुदे भरपूर बघायला मिळतात:

‘बिनतारी संप्रेषणात पोचमाहिती काँप्रेस करण्याची पद्धत, ज्यात अनेक पोचबिटांवर एन्कोडिंग करून कमी संख्येचे बिट मिळवले जातात व ते पाठवले जातात.’

याने बंडलिंगही व्यापलं, ब्लॉक अ‍ॅकही व्यापला. नावीन्य नाही, आणि ३(के) वेगळंच.

आता वरच्याच आठ तुकड्यांचा दुसरा मसुदा: ‘मोबाइल एककाने आठ ब्लॉकांच्या समूहासाठी दोन अपलिंक रिसोर्सची माहिती बेस स्टेशनकडून घेणे, फसलेल्या ब्लॉकांची संख्या ठरलेल्या मर्यादेत असल्यास चार बिटांचा संकेत पहिल्या रिसोर्सवर पाठवणे, मर्यादा ओलांडल्यास पूर्ण आठ बिट दुसऱ्या रिसोर्सवर पाठवणे, ज्यायोगे कुठल्या रिसोर्सवर सिग्नल सापडला यावरून बेस स्टेशन लांबी ठरवते.’

हा बरा आहे. लांबीचा प्रश्न सुटला, दोन्ही टोकं आली. तरी चतुर परीक्षक म्हणेल की चॅनेल सिलेक्शन अधिक हफमन, दोन्ही माहीत, जोडणं जाणकाराला सहज सुचलं असतं. तेव्हा कामी येतं ते पुढचं पाऊल: चार बिटांत मुळात सोळा संकेत आहेत आणि वापरायचे फक्त नऊ, कारण मर्यादा ओलांडल्याची बातमी आता दुसरा रिसोर्सच देतो. उरलेल्या सातांची मांडणी अशी करायची की ‘सगळे पोचले’ या संकेताच्या एका बिटाच्या अंतरावर वापरातला एकही संकेत नसावा. आणि न वापरलेला संकेत वाचला गेला तर बेस स्टेशनने तो ‘सगळे फसले’ असा धरावा. त्यामुळे एक बिट उलटल्याने एखाद्या नॅकचं ‘सगळे पोचले’ होत नाही. हा परिणाम जुन्या दोघांना जोडून आपोआप येत नाही. कायद्याच्या कलम २(१)(जेए) मध्ये इन्व्हेन्टिव्ह स्टेपसाठी तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, आणि त्यासोबत जाणकाराला सहज न सुचणं, अशी अट आहे. तिच्याशी भांडायला हे शस्त्र चांगलं.

दुसरी गोष्ट. मोबाइलसाठी आणि बेस स्टेशनसाठी स्वतंत्र क्लेम लिहा. ‘मोबाइल पाठवतो आणि बेस स्टेशन वाचतं’ असा एकच क्लेम असेल तर उद्या उल्लंघन कुणी केलं यावर वाद होतो, कारण हँडसेट एकाचा आणि नेटवर्क दुसऱ्याचं.

सिम्युलेशन पुरतं का, की चालतं यंत्र दाखवावं लागतं?

यंत्र लागत नाही. कलम १० नुसार शोध आणि तो अमलात आणण्याची तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत पूर्ण लिहावी लागते. सिम्युलेशन देणार असाल तर चॅनेलचं मॉडेल, फसण्याचा दर, तुलना कुणाशी केली, हे सगळं द्या. तुलना बंडलिंगशीच करू नका, ते सोपं सावज आहे. न काँप्रेस केलेल्या बिटमॅपशीही करा.

आमचं ५जी वगैरे नाही. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतले सेन्सर आहेत. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

लागू आहे, आणि तुमची बाजू कदाचित जास्त भक्कम आहे. ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या विनापरवाना पट्ट्यात चालणाऱ्या लोरा (कमी विजेत लांबवर पोचणारा रेडिओ) गेटवेला शेकडो नोडना, म्हणजे सेन्सरना, एकेक पोच देणं परवडत नाही. गेटवे बोलत असतो तेव्हा साधारणपणे ऐकू शकत नाही, म्हणजे प्रत्येक पोचीगणिक कुणाचं तरी वाचन हुकतं. अनेक नोडना मिळून एकच पोच, हा प्रश्न खरा आहे. आधीचं काम मात्र तुम्हाला वेगळीकडे शोधावं लागेल. कमी विजेच्या रेडिओंच्या ८०२.१५.४ई या स्टँडर्डमध्ये २०१२ सालीच बिटमॅपवाली गट-पोच होती.

इथे रेडिओचा परिणाम दाखवायला बॅटरी हाताशी असते. नोडला पोच ऐकायला किती मिलिसेकंद जागं राहावं लागतं, हा आकडा मोजून द्या.

कॉन्फरन्समध्ये पेपर वाचलाय. कॉलेजच्या प्रदर्शनातही मांडलं होतं. आता?

प्रदर्शनाबद्दल आधी. कलम ३१ मधली सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे. कॉलेजचं टेक-फेस्ट त्यात बसत नाही. पेपर विद्वत्सभेपुढे वाचला असेल किंवा तिच्या कार्यवृत्तात तुमच्या संमतीने छापला असेल तर १२ महिन्यांत अर्ज करता येतो. २०२४ च्या नियमांनी त्यासाठी फॉर्म ३१ आणला. पण कुठली परिषद ‘विद्वत्सभा’ हा वाद ओढवून घेण्यापेक्षा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज आधी टाका, मग पेपर पाठवा. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण स्पेसिफिकेशनला १२ महिने मिळतात. प्रबंध ग्रंथालयात किंवा शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, गेला म्हणजे प्रसिद्ध झाला, हेही लक्षात असू द्या. गाईडला न सांगता पोस्टरचा फोटो लिंक्डइनवर टाकणारे विद्यार्थी हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अर्ज नागपुरातच भरता येतो ना? सिव्हिल लाइन्सला पेटंटचं ऑफिस आहे.

सिव्हिल लाइन्समध्ये आहे ती राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था. परीक्षकांचं प्रशिक्षण तिथे होतं, आणि नागपुरात १९८० मध्ये सुरू झालेली पेटंट माहिती प्रणालीही याच व्यवस्थेचा भाग. अर्ज मात्र तिथे दाखल होत नाही. महाराष्ट्रातल्या अर्जदाराचं कार्यालय मुंबई. ऑनलाइन भरायचं, त्यामुळे विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढायची गरज नाही. मसुदा इंग्रजीत किंवा हिंदीत लागतो, मराठीत चालत नाही. याबद्दल माझं मत चांगलं नाही, पण नियम तसा आहे.

तुमचा परीक्षक मुंबईचाच असेल असंही समजू नका. सुनावणी व्हिडिओवरून होते.

खर्च आणि वेळ किती?

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये, परीक्षणाच्या विनंतीला, म्हणजे फॉर्म १८ ला, ४,००० रुपये. इतरांना अनुक्रमे ८,००० आणि २०,०००. दहापेक्षा जास्त क्लेम किंवा तीसपेक्षा जास्त पानं असली की वर पैसे. संप्रेषणाच्या अर्जांत आकृत्यांमुळे पानं भराभर वाढतात. एजंटची फी वेगळी.

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. घाई असेल तर फॉर्म ९. परीक्षणाची विनंती आपोआप होत नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ती प्राधान्य तारखेपासून, म्हणजे पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, ३१ महिन्यांत करावी लागते. आधी ४८ होते, आणि जुना आकडा डोक्यात असलेल्यांचे अर्ज मागे घेतले गेले असं मानलं जातं. फॉर्म १८ए ने जलद परीक्षण मागता येतं: स्टार्टअप, लघुउद्योग, महिला अर्जदार, सरकारी संस्था. व्हीएनआयटीसारख्या केंद्रीय कायद्याखालच्या संस्थेला हा मार्ग खुला आहे. पेटंट मिळालं तर मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं.

कॉलेजने ‘पेटंट प्रसिद्ध’ असा बॅनर लावलाय. मिळालं ना मग?

नाही. प्रसिद्धी म्हणजे अर्ज लोकांना वाचायला मिळाला, इतकंच. कुणी अजून तपासलेला नाही. मूल्यांकनाच्या गुणांसाठी मार्चमध्ये घाईने टाकलेले आणि परीक्षणाची विनंतीच न केलेले अर्ज पाहिले की वाईट वाटतं, कारण त्यातली एखादी कल्पना खरोखर चांगली असते, आणि आता ती सर्वांसाठी खुली झालेली असते.

एफईआर आला. काय करायचं?

तारीख लिहून ठेवा. उत्तराला सहा महिने, त्याआधी विनंती केली तर आणखी तीन. फॉर्म ३ वर परदेशी अर्जांची ताजी माहिती एफईआरपासून तीन महिन्यांत द्यायची असते, ती वेगळी मुदत आहे आणि हमखास विसरली जाते.

मग उद्धृत केलेले दस्तऐवज, साधारण डी१, डी२ असे, खरोखर वाचा. सारांश नव्हे, परीक्षकाने दाखवलेला परिच्छेद. काँप्रेस्ड पोचीच्या अर्जांत डी१ पुष्कळदा बंडलिंगचा असतो आणि डी२ एखाद्या कोडिंगचा. उत्तरात ‘डी१ मध्ये हे नाही, डी२ मध्ये ते नाही’ एवढ्यावर थांबू नका; परीक्षकाने दोघांना जोडलंय. जोडल्यावर काय बिघडतं ते दाखवा. बंडलिंग केल्यावर कुठला तुकडा फसला ही माहितीच उरत नाही, मग डी२ चं कोडिंग लावायचं कशावर? असा एक नेमका मुद्दा पानभर विशेषणांपेक्षा जड असतो.

उत्तर देताना क्लेममध्ये नवी कल्पना घालता येते का?

नाही. कलम ५९ नुसार दुरुस्ती मूळ मजकुरात उघड केलेल्या गोष्टींचीच, आणि नवा क्लेम जुन्याच्या कक्षेत पूर्ण बसला पाहिजे. अरुंद करता येतो, रुंद नाही. म्हणून मसुद्यातच पायऱ्या ठेवा: चार बिट, सहा बिट, संकेतांची मांडणी, मोजणीच्या आकड्याशी जुळणी. मुख्य क्लेम पडला तर मागे सरकायला जागा हवी. एकाच अर्जात दोन वेगळे शोध आहेत असा आक्षेप आला तर कलम १६ चा विभाजित अर्ज आहे.

सुनावणीत काय होतं, आणि नाकारलं तर?

कंट्रोलर उरलेले आक्षेप आधी कळवतो. पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. शोधकाने हजर राहावं असं माझं आग्रहाचं सांगणं असतं. सिग्नल उलटला तर काय होतं हे एजंटपेक्षा तुम्ही चांगलं सांगाल. लेखी म्हणणं त्यानंतर १५ दिवसांत.

नाकारलं तर एका महिन्यात पुनर्विलोकन मागता येतं, किंवा तीन महिन्यांत कलम ११७ए खाली उच्च न्यायालयात अपील. पूर्वीचं अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झालं.

सहलेखक जर्मनीत आहे. तिकडे आधी अर्ज टाकला तर?

थांबा. भारतात राहणाऱ्याने भारताबाहेर अर्ज करण्याआधी कलम ३९ प्रमाणे परवानगी घ्यावी लागते, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे वाट पाहावी लागते. परवानगी फॉर्म २५ वर मागायची, साधारण २१ दिवसांत मिळते. हे कलम मोडलं तर भारतातला अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो, आणि शिक्षेची तरतूदही आहे.

आमची पद्धत स्टँडर्डमध्ये गेली तर?

तर खेळ मोठा होतो. लावा विरुद्ध एरिक्सन या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये २४४ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. तिथेही ३(के) चा बचाव मांडला गेला होता. पण पेटंट स्टँडर्डसाठी अत्यावश्यक ठरायचं तर क्लेममधली प्रत्येक अट स्टँडर्डच्या मजकुराशी जुळावी लागते. भारतातून ३जीपीपीत जाण्याचा रस्ता टीएसडीएसआय या भारतीय दूरसंचार-स्टँडर्ड संस्थेचं सदस्यत्व. आणि क्रम उलटा करू नका: प्रस्ताव सर्व्हरवर चढवण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत अर्ज दाखल झालेला असावा. बैठकीत शब्द बदलले जातात, म्हणून बैठक संपली की बदललेल्या मजकुराशी तुमचं स्पेसिफिकेशन पुन्हा ताडून बघा. वर्षाच्या आत असाल तर पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये तो बदल घालता येतो, मात्र त्या भागाला तारीख नवी मिळते.